कारखान्याची वही आणि गावाची विहीर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना प्रथम वंदन करतो. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मय किंवा माळव्यातील मराठी यांवर बोलावे, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असणार. ती बाजूस सारून ‘व्यवसायातील पर्यावरण-व्यवस्थापन आणि सामाईक माहिती-व्यवस्था’ असा रुक्ष विषय मी घेतला, तेव्हा आयोजकांच्या मनात शंका आली असावी. सौजन्याने त्यांनी ती बोलून दाखविली नाही. माझे कारण साधे आहे. या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांपैकी कितीतरी जण पीथमपूरच्या कारखान्यांत नोकरीला आहेत. जानापावच्या डोंगरावर उगम पावणारी चंबळ येथून उत्तरेकडे वाहत जाते, आणि त्याच दिशेला काही कोसांवर कारखान्यांची ती नगरी उभी आहे. कारखाना काय लिहितो आणि गावाला त्यातले काय वाचता येते, हा प्रश्न मला अखेर भाषेचाच प्रश्न वाटतो, आणि भाषा हा तर माझा जन्माचा धंदा.

‘माहिती-व्यवस्था’ हा शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. शिवकालीन अष्टप्रधानांत वाकनीस होता. राजाच्या रोजच्या कारभाराची नोंद ठेवणे हे त्याचे काम. अहिल्याबाईंच्या काळची महेश्वर दरबारची बातमीपत्रे पुढे छापून प्रसिद्ध झाली आणि आज ती इतिहासाचे साधन मानली जातात; पण लिहिली गेली तेव्हा ती पुण्यात बसलेल्या वाचकाने काही निर्णय करावा म्हणून लिहिली गेली होती. सराफ्यातील हुंडी पाहा. एका गावी लिहिलेला कागद दुसऱ्या गावी मानला जाई. तो हरवला तर ‘पेठ’, तीही हरवली तर ‘परपेठ’, आणि पैसे चुकते झाले की त्याच हुंडीचा ‘खोखा’ होई. दूर बसलेल्या दोन माणसांनी एकच नोंद वाचावी, आणि दोघांपैकी कोणालाही ती एकट्याने फिरविता येऊ नये, एवढेच त्या व्यवस्थेचे मर्म. संगणकाने त्यात वेग आणला. मर्म जुनेच राहिले.

आता या कसोटीवर आपल्याच राज्यातील एक रात्र ठेवून पाहू. २ डिसेंबर १९८४ ची मध्यरात्र उलटत असताना भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला. त्या दुर्घटनेची वर्णने आपण सर्वांनी वाचली आहेत. काहींनी ती नातलगांच्या तोंडून ऐकली असतील. मी फक्त माहितीचा प्रवास तपासतो. अमेरिकेतील मूळ कंपनीच्या पथकाने १९८२ साली या कारखान्याची सुरक्षा-पाहणी केली होती आणि तिच्यात गंभीर दोष नोंदले होते. तो अहवाल कंपनीच्या कपाटात होता. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या भोपाळच्या पत्रकाराने आपल्या ‘रपट’ नावाच्या लहानशा साप्ताहिकात शहराला धोका असल्याचे लिहिले, आणि १९८४ च्या जूनमध्ये ‘जनसत्ता’त पुन्हा लिहिले. म्हणजे माहिती नव्हती असे म्हणता येत नाही. एक नोंद कंपनीजवळ होती, दुसरी वर्तमानपत्रात होती, आणि दोन्ही समोरासमोर मांडून जाब विचारील अशी जागा कोठेच नव्हती.

प्रत्यक्ष रात्री काय झाले? बाहेरच्या वस्तीसाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद करण्यात आला. किरकोळ गळतीने लोक घाबरू नयेत असा त्यामागे कंपनीचा शिरस्ता होता. तो पुन्हा वाजला तेव्हा लोक रस्त्यावर येऊन धावत होते. धावणारा माणूस अधिक खोल श्वास घेतो. ओले फडके तोंडावर धरा आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने चालत निघा, एवढी दोन वाक्ये आसपासच्या वस्त्यांत आधी कोणी सांगितली असती, तर पुष्कळ जीव वाचले असते. रुग्णालयातील डॉक्टरांना हा वायू कोणता आणि त्यावर उपचार काय, हे ठाऊक नव्हते. खुद्द कारखान्यातील कार्यपद्धतीच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या, आणि त्या हाताळणाऱ्या कित्येक कामगारांना इंग्रजी धड वाचता येत नव्हते. व्यवस्थापनशास्त्रावरचे ग्रंथ या दुर्घटनेची कारणे सांगताना झडपा, शीतकयंत्र आणि खर्चकपात यांची चर्चा करतात, आणि ती योग्यच आहे. भाषेच्या माणसाला मात्र त्या यादीत आणखी एक कारण दिसते: त्या दोन वाक्यांना वाचक मिळाला नाही.

भोपाळचा धडा कागदावर सर्वांत जलद कोणी गिरविला असेल तर तो अमेरिकेने, हे सांगताना थोडी लाज वाटते. १९८५ च्या ऑगस्टमध्ये वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट नावाच्या गावी याच कंपनीच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि शंभराहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. लगेच पुढल्या वर्षी, १९८६ च्या ऑक्टोबरात, तेथे आपत्कालीन नियोजन आणि समाजाचा माहितीचा हक्क यांविषयीचा कायदा झाला. त्यातील एका कलमाने प्रत्येक मोठ्या कारखान्यावर असे बंधन घातले की, ठराविक विषारी पदार्थांपैकी किती हवेत सोडले, किती पाण्यात आणि किती जमिनीत, याची वार्षिक नोंद द्यावी; आणि ती सरकारने कोणालाही पाहता येईल अशा संगणकीय संग्रहात ठेवावी. या कलमात धूर कमी करा असे कोठेही म्हटलेले नव्हते. लिहा आणि दाखवा, एवढेच होते.

परिणाम मात्र विलक्षण झाला. १९८७ सालचे आकडे पुढल्या वर्षी द्यावयाचे होते. ते स्वतःच गोळा करताना मोन्सान्टो या बलाढ्य कंपनीच्या प्रमुखांपुढे आपल्या कारखान्यांच्या उत्सर्जनाची बेरीज आली आणि आकडे लोकांपुढे जाण्याच्या सुमारास, १९८८ मध्ये, त्यांनी जाहीर केले की १९९२ च्या अखेरपर्यंत हवेत जाणारी विषारी द्रव्ये नव्वद टक्क्यांनी कमी करू. तोपर्यंत अनेक व्यवस्थापकांनी आपल्या कारखान्यातून किती माल वाऱ्यावर जातो याची एकत्र बेरीजच कधी केली नव्हती. जो पदार्थ हवेत उडून जातो तो कोणीतरी पैसे मोजून आणलेला असतो, ही साधी हिशेबी गोष्ट शेजाऱ्याला दाखविण्यासाठी कागद लिहिताना मालकाच्या ध्यानात आली. मोन्सान्टोची अन्य बाबतींतली कीर्ती येथे मी विचारात घेत नाही. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्याकडे कायदे झाले नाहीत असे नाही. उलट फार चांगले झाले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, आणि १९८७ साली कारखाने अधिनियमात झालेली दुरुस्ती. या दुरुस्तीने आलेले ‘४१-ब’ हे कलम धोकादायक प्रक्रिया करणाऱ्या कारखानदाराला सांगत असे की, धोक्याची आणि त्यावरील उपायांची माहिती कामगारांना, कारखाने निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि परिसरातील जनतेला दिली पाहिजे. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी तोच विचार पुढे नेला. मग आले नमुना क्रमांक ५ चे पर्यावरण-विवरण. १९९२–९३ पासून ते दरवर्षी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ३० सप्टेंबरपूर्वी देणे बंधनकारक झाले. हा नमुना मी मागवून वाचला. ज्याने तो रचला तो मोठा जाणता माणूस असला पाहिजे. त्यात प्रत्येक उत्पादनाच्या एका एककामागे पाणी किती लागले, कच्चा माल किती लागला, हे विचारले आहे, आणि मागील वर्ष व चालू वर्ष असे दोन स्तंभ शेजारी शेजारी ठेवले आहेत. व्यवस्थापकाला आपण सुधारतो आहोत की घसरतो आहोत हे एका दृष्टिक्षेपात कळावे, अशी ती रचना आहे.

परंतु हे विवरण प्रकृतीने पत्र असूनही त्याची गत टपालात हरवलेल्या पत्रासारखी झाली. कारखान्यातील एक कारकून गेल्या वर्षीचा कागद समोर ठेवून तो भरतो, मंडळातील दुसरा कारकून तो नोंदवून घेतो. शेजारच्या कारखान्याला तो दिसत नाही, गावाला दिसत नाही, आणि खुद्द त्या कारखान्याच्या संचालकांपैकी किती जणांनी तो पाहिला असेल, याविषयी मी तर्क करीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑक्टोबर २००३ रोजी घातक कचऱ्याच्या प्रकरणी दिलेल्या आदेशात यापुढचे पाऊल टाकले. घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांनी मुख्य दरवाजाबाहेर फलक लावून रसायने कोणती व किती, पाण्यात व हवेत काय सोडले जाते, घनकचरा किती, हे लिहावे असे ठरले. निवृत्तीनंतर प्रवासात असे फलक वाचण्याचा मला छंद लागला आहे. एका ठिकाणी, गावाचे नाव सांगत नाही, मी असा फलक वाचावयास थांबलो. अक्षरे उन्हाने उडाली होती, तारीख दोन वर्षांपूर्वीची होती, आणि ‘बी.ओ.डी.’ या अक्षरांपुढे एक आकडा होता. पहारेकऱ्याला विचारले, ‘‘भाऊ, हे काय?’’ तो नम्रपणे म्हणाला, ‘‘साहेब, हे तपासणीवाल्यांसाठी आहे.’’ त्याचे उत्तर बिनचूक होते. फलक रस्त्याकडे तोंड करून उभा होता आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाशीही बोलत नव्हता. नदीतील सूक्ष्म जीवांना हे सांडपाणी पचविण्यासाठी किती प्राणवायू लागेल याचे ते माप आहे, आकडा जितका मोठा तितके मासे गुदमरणार, हे एक ओळ हिंदीत लिहून सांगता आले असते.

माहिती उघडी झाली म्हणजे ती खरीही असते, असे मात्र कोणी समजू नये. याविषयी गुजरातमध्ये झालेला एक प्रयोग मोठा बोधक आहे. तेथे १९९६ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने कारखान्यांचे पर्यावरण-लेखापरीक्षण त्रयस्थ संस्थांकडून होत आले; पण परीक्षक निवडायचा कारखान्याने आणि त्याचे शुल्कही द्यायचे कारखान्याने. २००९ ते २०११ या काळात अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने तेथील प्रदूषण मंडळाच्या सहकार्याने काही कारखान्यांसाठी ही रीत बदलली. परीक्षक चिठ्ठीने नेमले, पैसे सामाईक निधीतून दिले आणि काही ठिकाणी पुन्हा मोजणी केली. जुन्या रीतीत धुराड्यातील धूलिकणांचे आकडे कायदेशीर मर्यादेच्या किंचित खाली दाटीवाटीने बसलेले आढळत. नव्या रीतीत ते एकदम खरे झाले. आणि पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची: आकडे खरे होताच त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. जमाखर्च तपासणारा कोणाच्या ओट्यावर जेवतो, हे आपल्या आजोबांच्या पिढीला विचारावे लागत नसे.

आजवर मी कारखाना आणि सरकार, कारखाना आणि गाव यांविषयी बोललो. कारखान्या-कारखान्यांमधील देवघेव हा या विषयाचा दुसरा आणि व्यवहाराच्या दृष्टीने कदाचित अधिक फलदायी भाग आहे. तारापूर, तळोजे, लोटे परशुराम अशा महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत. लहान कारखान्याला स्वतःचे केंद्र परवडत नाही, म्हणून सर्वांचे पाणी एका ठिकाणी नेऊन शुद्ध करावयाचे, ही कल्पना उत्तम आहे. अशा केंद्राच्या टाकीत सूक्ष्म जीव वाढविलेले असतात. तेच घाण खातात. ही जिवंत वस्तू आहे, गोठ्यातील जनावरासारखी. तिला रोजचे खाणे सवयीचे लागते. समजा, एका रात्री एखाद्या कारखान्याने तीव्र आम्ल किंवा जड धातूंचे पाणी न सांगता सोडले, तर टाकीतील जीव मरतात, आणि पुन्हा वाढेपर्यंत सगळ्यांचेच पाणी कच्चे बाहेर पडते. दोष एकाचा, शिक्षा सर्वांना, आणि सिद्ध कोणावरच होत नाही. आमच्याकडून उद्या सकाळी इतके पाणी, अशा प्रकारचे येणार आहे, एवढा निरोप आदल्या संध्याकाळी गेला तर केंद्राचा चालक ते वेगळ्या टाकीत अडवून थोडे थोडे मिसळू शकतो. हजारो रुपयांची यंत्रे जे करू शकत नाहीत ते एक निरोप करतो. पण तो निरोप द्यायचा म्हणजे आज आमचे काही बिघडले आहे हे शेजाऱ्याला कळू देणे आले, आणि येथेच सगळे अडते.

हे अडलेच पाहिजे असे नाही, याचा दाखला साखरधंद्यात आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही ऊस उत्पादकाला विचारा. आपल्या कारखान्याचा उतारा किती आणि शेजारच्याचा किती, हे तो दशांशचिन्हासह सांगेल. पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून गाळपाचे आणि उताऱ्याचे आकडे कारखानावार बाहेर येतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये, जिची स्थापना १९७५ साली झाली, कारखान्यांच्या तांत्रिक कामगिरीची तुलना होते आणि पारितोषिके दिली जातात. उताऱ्यावर उसाचा भाव ठरतो, म्हणून सभासद तो आकडा वाचतो. सभासद वाचतो म्हणून संचालकांना झोप लागत नाही. आता दुसरी बाजू पाहा. उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. रस आटविताना त्याची वाफ होते आणि ती थंड करून पुन्हा वापरता येते. त्यामुळे नीट चालविलेल्या साखर कारखान्याला बाहेरून अगदी थोडे पाणी पुरते. केंद्र सरकारने २०१६ साली सांडपाण्याची मर्यादा एक टन गाळपामागे एकूण २०० लिटर अशी ठरविली, तीही याच हिशेबाने. तरी आपला कारखाना टनामागे किती पाणी बाहेर सोडतो, हा आकडा चावडीवर कोणाच्या तोंडी नसतो. नदी मात्र त्याच सभासदाची, विहीरही त्याचीच, आणि मळीचा वास सुटला की नाक धरणाराही तोच. ज्या दिवशी उताऱ्याशेजारी पाण्याचा आकडा छापला जाईल त्या दिवसापासून तोही वाचला जाऊ लागेल, असे मला वाटते.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ साली कारखान्यांना धुराड्यातील कणांच्या मोजणीवरून एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली, ती या दिशेची. ज्याला आकडा कळत नाही त्यालाही तारे मोजता येतात. सुरतेस २०१९ पासून कापड कारखान्यांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसवून धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार चालविण्यात आला. त्यात सहभागी झालेल्या कारखान्यांचे उत्सर्जन वीस ते तीस टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. असा बाजार सर्वांनी मानलेल्या एका मापाशिवाय भरूच शकत नाही.

आता घराजवळ येतो. भोपाळच्या बंद कारखान्यात चाळीस वर्षे पडून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद कंटेनरांतून निघाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अडीचशे किलोमीटरांवरील पीथमपूरला, तारपुरा गावालगतच्या कचरा-विल्हेवाट केंद्रात पोहोचला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी तसा आदेश दिला होता. पुढे काय घडले ते आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ३ जानेवारीला पीथमपूर बंद झाले, दगडफेक झाली, दोन माणसांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली. ६ जानेवारीला उच्च न्यायालयाने शासनाला सहा आठवड्यांचा अवधी दिला. मग गावोगाव अधिकारी फिरले आणि लोकांशी बोलणी सुरू झाली. फेब्रुवारीच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या. ताशी १३५, १८० आणि २७० किलो अशा चढत्या वेगाने. त्यानंतर उरलेला कचरा ५ मे पासून जाळण्यात आला आणि जूनच्या अखेरीस ते काम संपले.

तो कचरा येथे जाळणे योग्य होते की अयोग्य, यावर मत देण्यास मी अधिकारी नाही. मला त्यातला क्रम खटकतो. याच केंद्रात ऑगस्ट २०१५ मध्ये त्या कचऱ्यापैकी दहा टन चाचणीदाखल जाळले गेले होते. त्याची मोजमापे झाली होती, अहवाल न्यायालयांपुढे होते. म्हणजे दहा वर्षे आकडे अस्तित्वात होते. ते तारपुऱ्याच्या शाळेत, पंचायतीत, पीथमपूरच्या कामगारवस्तीत, तेथल्या माणसाला कळेल अशा भाषेत त्या दहा वर्षांत पोहोचले असते, तर लोकांनी विरोध केला नसता असे मी म्हणत नाही. कदाचित अधिक नेमका विरोध केला असता: राख कोठे पुरणार, तिच्याखालचे अस्तर किती वर्षे टिकेल, यशवंतसागराकडे जाणाऱ्या प्रवाहांची तपासणी कोण आणि किती दिवसांनी करणार, असे विचारले असते. त्यांच्या वाट्याला आधी बंद कंटेनर आले आणि समजावणी मागाहून आली. भोपाळचे नाव लावून आलेल्या गाडीसमोर घाबरलेल्या माणसाला अडाणी म्हणणे सोपे आहे.

याच घातक कचऱ्याच्या वाहतुकीसाठी २०१६ च्या नियमांत एक सुंदर व्यवस्था आहे, तिचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही. कचऱ्याच्या प्रत्येक खेपेबरोबर सात रंगांच्या प्रतींचा एक दाखला निघतो. पांढरी प्रत पाठविणारा प्रदूषण मंडळाला देतो, पिवळी स्वतःजवळ ठेवतो, गुलाबी कचरा घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी घेणारा मंडळाकडे धाडतो, निळी पाठविणाऱ्याकडे परत येते, आणि कचरा परराज्यातून आला असेल तर राखाडी प्रत त्या राज्याच्या मंडळाकडे जाते. निळी प्रत परतली नाही तर गाडी वाटेत कोठे रिकामी झाली, हे विचारता येते. आपल्या सराफ्यातील माणसाला ही हुंडीच वाटली असती. पण सातही प्रतींत आठवी एक नाही. ज्या गावाच्या हद्दीत तो कचरा येऊन राहतो त्या गावाचा रंग नियमकर्त्यांना सुचलेला नाही.

या सगळ्यावर कारखानदार मित्रांचे दोन आक्षेप असतात आणि ते ऐकून घेण्यासारखे आहेत. पहिला धंद्यातील गुपितांचा. अमेरिकेच्या कायद्यातही रसायनाचे नाव गुपित ठेवण्याची मुभा आहे. पण तिचा लाभ घेणारे फार थोडे निघाले, कारण धुराड्यातून काय बाहेर पडते यावरून पाककृती क्वचितच ओळखता येते. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. सेबीने २०२२–२३ पासून शेअरबाजारात नोंदलेल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा विस्तृत अहवाल सक्तीचा केला. मोठ्या कंपनीत त्यासाठी स्वतंत्र विभाग असतो. पीथमपूरमध्ये त्याच कंपनीला नट-बोल्ट पुरविणाऱ्या आणि धातूला मुलामा देणाऱ्या वीस माणसांच्या कारखान्याचा मालक रात्री घरी बसून स्वतः कागद भरतो. त्याच्याकडून तोच आकडा मंडळ एका नमुन्यात मागते, मोठी कंपनी दुसऱ्यात, बँक तिसऱ्यात. सामाईक व्यवस्था म्हणजे त्याने एकदा लिहावे आणि ज्याला हवे त्याने तेथून वाचावे. तसे झाले नाही तर तो पुन्हा गेल्या वर्षीचाच कागद उतरवून काढील, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

आता या शाळेपुरते बोलून थांबतो. पीथमपूरमध्ये काम करणारे जे माजी विद्यार्थी येथे बसले आहेत त्यांना माझी विनंती आहे की, आपल्या व्यवस्थापनाच्या संमतीने, नमुना क्रमांक ५ च्या विवरणाची मागील वर्षाची एक प्रत या शाळेच्या ग्रंथालयास द्यावी. ज्यांना संमती मिळणार नाही त्यांनी निदान तो कागद स्वतः एकदा वाचावा. विज्ञानाच्या शिक्षकांना विनंती अशी की, नववीच्या मुलांकडून त्यातील प्रत्येक संज्ञेचा अर्थ साध्या हिंदीत आणि मराठीत लिहवून घ्यावा. मुले ‘प्रदूषण’ यावर निबंध पुष्कळ लिहितात. त्यांना एक खरा कागद वाचू द्यावा.

दुसरी सूचना विहिरींची. जानापावच्या एका उताराचे पाणी चंबळेतून यमुनेकडे जाते आणि दुसऱ्याचे नर्मदेकडे. पुढे नागद्याजवळ चंबळेची जी दशा होते तिच्यामुळे तो पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत गेला आहे. आपण उगमाशी राहतो. खालच्या पाण्यात काय मिसळले हे कोणाला मोजावयाचे असेल तर वरचे पाणी कसे होते, याची जुनी आणि विश्वासू नोंद त्याला लागेल, आणि ती ठेवण्यास मानपूरइतकी योग्य जागा दुसरी नाही. पाण्याचा सामू, विरघळलेले क्षार आणि नायट्रेट एवढे तर शाळेच्या प्रयोगशाळेत साध्या साहित्यानेही पाहता येते. पायथ्याच्या दहा विहिरी निवडाव्या, त्यांना क्रमांक द्यावे. पहिली नोंद वैशाखात, पाणी तळाला गेले असताना घ्यावी. दुसरी आश्विनात, पाऊस सरल्यावर. वही दोन प्रतींत असावी, एक शाळेत आणि एक पंचायतीत, आणि प्रत्येक पानावर नोंद करणाऱ्या मुलाची व विहिरीच्या मालकाची सही असावी. पहिल्या वर्षाच्या वहीचा, दोऱ्याच्या बाटल्यांचा आणि रसायनांचा खर्च आयोजकांनी आज मला देऊ केलेल्या मानधनातून करावा, असे मी अध्यक्षांना सांगून ठेवले आहे.